तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही लुथरन कसे?

दर नाताळात करंज्या, शंकरपाळे आणि केकचे दोन तुकडे अशी ताटली घेऊन मी शेजारी जाते, आणि दर नाताळात कुणीतरी दारातच विचारतं, "तुम्ही ख्रिश्चन म्हणजे कॅथलिक ना?" मी म्हणते, नाही, लुथरन. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे ते मार्टिन ल्यूथर किंग?" यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आणखी विचारलं, "बोलता तर अगदी आमच्यासारखं, आडनाव तेवढं तिकडचं. मग हे लुथरन खडकीत आलं कुठून? आणि मूठभर माणसं तुम्ही, मोठ्या चर्चमध्ये का जात नाही?" ताटली हातात धरून याचं उत्तर देता येत नाही. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून बसून लिहिते आहे.

किंग यांचं आधी सांगते. त्यांचे वडील १९३४ साली जर्मनीला जाऊन आले आणि परतल्यावर त्यांनी स्वतःचं आणि मुलाचं मायकल हे नाव बदलून मार्टिन ल्यूथर केलं. किंग बाप्टिस्ट, म्हणजे दुसऱ्याच एका ख्रिस्ती पंथाचे होते. ज्यांच्यावरून ते नाव घेतलं, ते ल्यूथर त्यांच्या चारशे वर्षं आधीचे, जर्मनीतल्या विटेनबर्ग गावी शिकवणारे मठवासी. पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैसे घेऊन विकली जात होती, त्याविरुद्ध त्यांनी ३१ ऑक्टोबर १५१७ ला ९५ मुद्दे मांडले. देवाची कृपा विकत मिळत नाही आणि कमावताही येत नाही, ती विश्वासाने घ्यायची असते, हे त्यांचं म्हणणं. ते मानणारे आम्ही लुथरन. आमच्या मंडळीत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या आमच्या समूहात, आजही ३१ ऑक्टोबरच्या आसपासच्या रविवारी वेदीवर लाल वस्त्र घालतात.

पण आमच्या घरात ल्यूथर आले ते एका छोट्या पुस्तिकेतून. १५२८ मध्ये ल्यूथर आसपासच्या खेड्यांतल्या मंडळ्या पाहायला गेले. लोकांना दहा आज्ञा येत नव्हत्या, आणि कित्येक पाळकांनाही, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनाही, धड शिकवता येत नव्हतं. ते पाहून जीव कळवळला आणि १५२९ मध्ये त्यांनी प्रश्नोत्तरांची पुस्तिका लिहिली, घरातल्या कर्त्या माणसाने पोराबाळांना शिकवावी म्हणून. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली, प्रभुभोजन. एकेक ओळ घ्यायची आणि खाली तोच प्रश्न, याचा अर्थ काय? उत्तर दोन-चार वाक्यांचं. पुढची ओळ, पुन्हा तोच प्रश्न.

माझी नायनम्मा, म्हणजे वडिलांची आई, हा प्रश्न तेलुगूत विचारायची. "दीनि अर्थमेमि?" संध्याकाळी स्टोव्हवर डाळ शिजत असायची, आम्ही तिघं भावंडं पाटावर ओळीने बसलेली, आणि ती तांदूळ निवडता निवडता प्रश्न टाकायची. पाठ म्हटलं की तिचं समाधान व्हायचं नाही. "आता तुझ्या शब्दांत सांग." मी मराठी शाळेत जात होते, माझे शब्द मराठीच यायचे. ती ते ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि पुढची ओळ घ्यायची. निवडून झालं की मापटं भरण्याआधी एक मूठ तांदूळ डालड्याच्या डब्यात वेगळे टाकायची. पिडिकेडु बिय्यम, मूठभर तांदूळ. महिनाअखेरीला तो डबा मंडळीत जायचा, ज्या घरी चूल पेटायची अडचण असेल तिकडे पोचता व्हायचा. काकू, तुम्ही "मूठभर माणसं" म्हणालात तेव्हा मला तो डबा आठवला.

नायनम्मा गुंटूरची. तिथे १८४२ साली जॉन ख्रिश्चन फ्रेडरिक हायर नावाचे लुथरन पाळक पोचले, जन्माने जर्मन, पाठवलेले अमेरिकेतल्या लुथरनांनी. या माणसाबद्दल आमच्याकडे फार आपुलकीने बोलतात. मधल्या काळात अमेरिकेला परतल्यावर ते वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर वैद्यक शिकले आणि डॉक्टर होऊन पुन्हा आले. पुढे १८६९ मध्ये राजमंड्रीचं काम दुसऱ्या मिशनकडे सोपवायचं घाटत होतं, तर सत्तरी पार केलेला हा माणूस सभेत उभा राहिला आणि म्हणाला, मी जायला तयार आहे. आणि खरंच गेले. त्यानंतर १८८३ साली डॉ. ॲना कुगलर गुंटूरला आल्या, बायकांवर उपचार करू लागल्या, १८९८ मध्ये त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं. नायनम्माचा जन्म त्याच हॉस्पिटलातला. ज्या वस्तीतल्या बाईला विहिरीवर घागर बुडवायची मुभा नव्हती, तिची नाडी हातात धरून कुणी तपासते, हे तिच्या आईने पाहिलं होतं. आमच्या घरात श्रद्धेचा उगम शोधायचा तर मी तिथे जाते. १९२७ मध्ये आंध्रातल्या या मंडळ्यांचं मिळून आंध्र इव्हँजेलिकल लुथरन चर्च झालं.

मग मराठी मुलखात लुथरन का नाहीत, हेही ओघाने आलं. मिशनांनी आपसात मुलूख वाटून घेतले होते, एकाने काम केलं तिथे दुसऱ्याने सहसा जायचं नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरात, स्कॉटिश मंडळी आधी कोकणात आणि मग पुण्यात, अँग्लिकन लोकांचं १८८५ चं पंचहौदाचं चर्च तर तुमच्या माहेराजवळच. लुथरनांच्या वाट्याला गुंटूर, छोटानागपूर, तमिळनाडूत ट्रांकेबार, जिथे बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग १७०६ मध्येच उतरले होते. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, झाली, पुण्यातल्या जुन्या प्रोटेस्टंट चर्चपैकी बरीचशी तिच्यात आहेत. लुथरन तिच्यात गेले नाहीत. म्हणून आम्ही इथे पाहुण्यांसारखे वाटतो खरे. तरी पुण्याला लुथरन अगदीच अनोळखी नव्हते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन मिशनरी कुटुंबांना बायकामुलांसकट स्थानबद्ध केलं, त्यांतली काही पुरंदरावर आणि साताऱ्यात ठेवली होती. लाइपझिगच्या लुथरन मिशनचे लोक त्यांत होते. सहलीला पुरंदरावर गेले की शाळेतल्या मुलांना मी मुरारबाजी सांगते आणि हेही सांगते.

आमचे तातय्या, आजोबा, पन्नासच्या दशकात गुंटूरहून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर म्हणून आले. त्यांच्यासारखी आणखी काही घरं होती, कुणी कारखान्यात, कुणी रेल्वेत, कुणी नर्स. रविवारी कुणाच्या तरी खोलीत चटई अंथरून उपासना व्हायची. आमची स्वतःची इमारत आजही नाही. मध्ये काही वर्षं एका भाड्याच्या हॉलमध्ये जमत होतो. एका रविवारी गेलो तर दाराला नवं कुलूप. कुणी आधी सांगितलं नव्हतं. नायनम्मा पायरीवर बसली आणि तिने गीत सुरू केलं, त्या दिवशीची उपासना तिथेच, चपलांच्या शेजारी झाली. आता एका जुन्या मराठी मंडळीने आपलं चर्च रविवारी दुपारी साडेचारला आम्हाला मोकळं करून दिलं आहे. त्यांची वेदी, त्यांची बाकं, त्यांची पेटी. आम्ही निघताना झाडून घेतो. हे उपकार शब्दांत सांगण्यापलीकडचे आहेत.

आता चाळीसेक घरं असू. वर्षातला सगळ्यात गजबजलेला दिवस म्हणजे हंगामाच्या उपकारस्तुतीचा. आमच्यात शेती कुणाचीच नाही, पण वेदीपुढे ऊस उभे करतात, भोपळे, केळीचे घड, गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, जुड्या, घरची लोणची, एखादी कोंबडी. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव. गोंगुऱ्याची जुडी बाजारभावाच्या वीसपट जाते, घेणारा ती दुसऱ्याला देतो, तो पुन्हा लिलावाला ठेवतो. जमलेले पैसे दवाखान्याची बिलं आणि फिया यांना जातात. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, मात्र गजबज नसते. पहाटे, अंधारातच, आम्ही दफनभूमीत जातो, आपापल्या माणसाच्या मातीवर मेणबत्ती लावतो, उजाडेपर्यंत गातो.

भाषेचा प्रश्न आमच्यात फार दुखला. माझ्या पिढीला तेलुगू समजतं, वाचता येत नाही. पुढच्यांना समजतही नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी सभा भरली, उपासना मराठीत आणावी का? एक वयस्क गृहस्थ उठून म्हणाले, "गीतं गेली तर आमच्याकडे गुंटूरचं उरलं काय?" आणि खाली बसून रडू लागले. कुणालाच पुढे बोलवेना. तेव्हा नायनम्मा जिवंत होती. ती म्हणाली, ज्यांनी शास्त्र, म्हणजे बायबल, जर्मन भाषेत आणलं ते लोकांना कळावं म्हणूनच ना? नातवंडांना कळत नसेल तर मी मराठीत ऐकेन, रेशनच्या रांगेत चाळीस वर्षं मराठीच तर बोलले. ल्यूथरांनी नवा करार १५२२ मध्ये आणि सगळं शास्त्र १५३४ मध्ये लोकांच्या जर्मन भाषेत दिलं. त्याच सुमाराला इकडे पैठणला एकनाथ महाराज जन्मले, आणि पुढे त्यांनी विचारलं, संस्कृत देवाने केली, मग प्राकृत काय चोरांनी केली? मी मराठीची शिक्षिका, मला ही दोन माणसं एका बाकावर बसलेली दिसतात.

शेवटी ठरलं, दोन रविवार तेलुगू, बाकीचे मराठी. आणि गीतं सोडायची नाहीत. तेलुगू गीतं देवनागरीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. दोनशे पानी चार वह्या झाल्या. तेलुगूत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आपल्या लिपीत तो फरक दाखवायची सोय नाही. म्हणून दीर्घ असेल तिथे मी लाल पेनने वर टिंब देते, मुलं टिंब दिसलं की सूर लांबवतात. ळ मात्र दोन्हीकडे आहे. पहिल्यांदा तो सरळ लिहिता आला तेव्हा मला किती बरं वाटलं, काय सांगू. मराठी रविवारी नारायण वामन टिळकांची भजनं होतात, तीही आता आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहेत.

प्रभूची प्रार्थना मात्र कोणत्याही रविवारी ज्याने त्याने आपल्या भाषेत म्हणायची. "परलोकमंदुन्न मा तंड्री" आणि "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एकदम सुरू होतं. मराठीवाले थोडे आधी संपवतात आणि थांबतात. तेलुगूवाले पोचले की आमेन एकत्र. काकू, मोठ्या चर्चमध्ये का जात नाही, याचं माझं उत्तर त्या थांबण्यात आहे. तिथे आमचं प्रेमाने स्वागत होतं, सणाला आम्ही जातोही. पण आमची म्हातारी माणसं ओळ पूर्ण करेपर्यंत थांबायला आम्हीच हवेत.

सध्या दृढीकरणाच्या, म्हणजे मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गाला सहा मुलं आहेत, तेरा-चौदा वर्षांची. त्यांच्यासाठी मी ती पुस्तिका मराठीत लिहिते आहे, पाळकसाहेब तपासून देतात. मागच्या रविवारी "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" या ओळीवर आलो. याचा अर्थ काय? ल्यूथर तिथे भाकरीवर थांबत नाहीत, लांबलचक यादी देतात: अन्न, पाणी, कपडे, जोडे, घर, शेत, गुरं, पैसा, चांगला जोडीदार, चांगली मुलं, चांगलं सरकार, चांगलं हवामान, शांतता, आरोग्य, चांगले मित्र, विश्वासू शेजारी. आणि शेवटी, यांसारखं आणखी जे काही असेल ते. मी मुलांना म्हटलं, त्या शेवटच्या शब्दांनंतर आता तुम्ही लिहा. कुणी चालू लिफ्ट लिहिली, कारण आजोबा चौथ्या मजल्यावर आहेत. कुणी बाबांची पर्मनंट नोकरी. एक मुलगी बराच वेळ पेन चावत होती. तिची आई एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिने लिहिलं, आईला महिन्यातून कमी रात्रपाळ्या. मग वही माझ्याकडे सरकवून हळूच विचारलं, "टीचर, हे भाकरीत धरतात ना?"

मी हो म्हटलं, आणि तिच्या ओळीखाली दुसरी ओळ आखून दिली.