मागचा खिसा नसलेली पँट

सोमवार

दुकान आज उशिरा उघडलं. या पावसात गिऱ्हाईक येत नाही आणि गणपतीच्या शिलायांना अजून अवकाश आहे. म्हटलं चिरंजीवांची कॉलेजची पँट तरी हातावेगळी करू.

पँट आपण उभ्या माणसाच्या मापाने बेततो. टेप लावताना सांगतो, सरळ उभे राहा, पोट आत ओढू नका. हा पोरगा दिवसाचे बारा-चौदा तास चाकांच्या खुर्चीत असतो. त्यामुळे मागचं आसन चार बोटं वर घ्यावं लागतं, नाहीतर पुढे वाकला की कंबर उघडी पडते. पुढचं तेवढंच उतरवायचं, कारण बसल्यावर कापड पोटाशी गोळा होतं. लांबी जास्त ठेवायची, गुडघा दुमडला की मोहरी वर चढते. बेल्टच्या पट्ट्या दुहेरी शिवायच्या. पँट चढवताना तो त्यांनाच धरून ओढतो. चेन बरीच खालपर्यंत, त्याचं कारण पुढे सांगेन. आणि मागे खिसा द्यायचा नाही. बटण नाही, जीनला असतात त्या पितळी रिव्हेट तर अजिबात नाहीत. मधली शिवणसुद्धा इस्त्रीने दाबून चपटी केली.

बसताना हाड टेकतं तिथे जाड शिवण आली की आपण चुळबुळ करतो, आपल्या नकळत बूड हलवतो. मणक्याला मार लागल्यापासून त्याला बेंबीच्या खाली काही कळत नाही. शिवण रुतत राहते, दाबामुळे तिथलं रक्त अडतं, संध्याकाळी लाल चट्टा दिसतो. चट्ट्याकडे दुर्लक्ष झालं तर त्याची जखम होते आणि ती आत हाडापर्यंत जाऊ शकते. मुंबईत हा होता त्या वॉर्डात एक गृहस्थ महिनोन्‌महिने पालथे झोपून होते. मागच्या खिशातलं पाकीट काढायला विसरून लांबचा प्रवास केला, एवढंच निमित्त.

म्हणून हा थोड्या थोड्या वेळाने खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला उचलतो. मोबाइलमध्ये गजर लावलाय. गजर झाला की बोलता बोलता उचलतो, पंधरा-वीस सेकंद अधांतरी, परत खाली. बघणाऱ्याला वाटतं पोरगा व्यायाम करतोय. रात्री झोपण्याआधी आरसा धरून स्वतःची पाठ, बूड, टाचा तपासतो. तो आरसा दुकानाच्या ट्रायल रूममधला आहे. दुकानात नवीन घेतला.

बुधवार

बाजारात भेटेल तो एकच विचारतो, "काय मग, चालायला लागला का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मी "नाही" म्हटलं की समोरचा असा चेहरा करतो की मलाच त्याचं सांत्वन करावं लागतं. "बाकी काय करतो?" हे कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर सांगायला इतकं आहे की चहा गार होईल.

दहावीची परीक्षा आटपली आणि मे महिन्यात हा आंबा काढायला चढला. फांदी मोडली आणि खाली जांभ्याच्या गडग्यावर पाठीवर आपटला. पोरं त्याला हातपाय धरून उचलणार, एवढ्यात शेजारचे निवृत्त सुभेदार ओरडत आले. कोणालाही हात लावू दिला नाही. पडवीतली फळी काढायला लावली, मान आणि पाठ एका रेषेत धरून त्याला फळीवर घेतलं आणि फळीसकट टेम्पोत चढवलं. नंतर मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं की आणलं कसं. सांगितल्यावर म्हणाले, त्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

दहावा पाठीचा मणका. डॉक्टर डी-टेन म्हणतात. ऑपरेशन करून दोन्ही बाजूंनी स्क्रू आणि रॉड घातले. मला वाटलं मणका बसवला म्हणजे झालं. मग कळलं की मणका म्हणजे बाहेरचं हाड, त्याच्या आतून मज्जारज्जू जातो. हाड जुळतं, चिरडलेला रज्जू तसा जुळत नाही. रॉड घातले ते पोराला लवकर बसवता यावं म्हणून. हे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. तो कागद अजून माझ्या मापांच्या वहीत आहे.

काही आठवड्यांनी उजवा पाय एकदम उडाला. माझी बहीण तेव्हा कॉटशेजारीच होती. "पाय हलला! पाय हलला!" करत ती रडायलाच लागली आणि खाली जाऊन वॉर्डभर पेढे वाटले. डॉक्टर म्हणाले, हा स्पॅझम. मार लागला त्याच्या खालचा रज्जू जिवंत असतो, पण मेंदूचा हुकूम त्याच्यापर्यंत येत नाही, मग तो आपल्या मनाने पाय झटकतो. हे ऐकून पोरगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, आत्याला सांगू नका हं. पेढे वाटून झालेत."

आता त्याच स्पॅझमचा तो उपयोग करून घेतो. पाय नेहमीपेक्षा जास्त उडायला लागले की समजतो, खाली काहीतरी बिनसलंय. कधी लघवीचा संसर्ग असतो, कधी बुटात खडा. दुखलेलं कळत नाही, ते असं कळतं.

गुरुवार, रात्री

आज जे लिहितोय ते लिहू का म्हणून त्याला विचारलं. म्हणाला, "लिहा. फक्त केविलवाणं करू नका."

पुनर्वसन म्हणजे समांतर दांड्यांना धरून पाऊल टाकणारा मुलगा आणि बाजूला टाळ्या वाजवणारे लोक, असं चित्र माझ्या डोक्यात होतं. सुरुवातीचे दिवस तर तो नुसता बसायचाही नाही. इतके आठवडे आडवा राहिलेला. टेबलाला पट्ट्यांनी बांधून ते टेबल हळूहळू उभं करायचे. अर्ध्यावर आलं की रक्तदाब उतरायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची, परत आडवा. पोटाला घट्ट पट्टा बांधून पुन्हा. मग गादीवर कूस बदलायला शिकणं, हात टेकून बसणं, फळीवरून सरकत कॉटवरून खुर्चीत जाणं. ज्या पोराने दहाव्या महिन्यात पाऊल टाकलं, तो सोळाव्या वर्षी बसायला शिकत होता. हिला ते बघवायचं नाही. ती कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहायची.

फिजिओच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "घरी बाथरूमचं दार किती इंचाचं आहे?"

मी बघतच राहिलो. मी विचारायला आलो होतो की हा चालणार कधी. भावाला फोन लावला, त्याने मोजून सांगितलं, चोवीस इंच. खुर्ची पंचवीस. मॅडम म्हणाल्या, "मग आत्ता तुमच्या मुलाला घरच्या बाथरूममध्ये जाता येत नाही. पायांचं आपण बघू, आधी गवंडी बोलवा." राग आला होता. आता वाटतं, त्या दवाखान्यात मला कोणी सगळ्यात कामाचं काही विचारलं असेल तर ते हेच.

कमरेखालचं जातं तेव्हा पायांबरोबर लघवी-संडासही जातात, आणि घरातल्यांच्या जिवाला त्याचाच घोर जास्त असतो. मूत्राशय भरलं हे कळत नाही, भरल्यावर पूर्ण रिकामं होत नाही, साठून राहिलं तर संसर्ग होतो आणि त्रास किडनीपर्यंत जातो. एके काळी पाठीच्या मणक्याचे बहुतेक रुग्ण या संसर्गाने आणि पाठीच्या जखमांनीच जायचे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांनी अशा सैनिकांसाठी विभाग सुरू केला. दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची काटेकोर स्वच्छता ठेवायची आणि पडून राहू द्यायचं नाही, असा त्यांचा खाक्या. त्याच आवारात २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, त्यांनी १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा लावली आणि त्यातून पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. ही माहिती चिरंजीवांची. स्पर्धा सगळ्यांना माहीत असतात, मला त्यातलं दोन तासांचं कूस बदलणं जास्त मोठं वाटतं. रात्री गजर लावून ते आम्ही केलंय.

तर, दर चार ते सहा तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची बारीक नळी, घालून मूत्राशय रिकामं करायचं. आधी ते मी करायचो. सोळा वर्षांचा मुलगा, मिसरूड फुटलेलं, भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि मी काय शिवतोय, कोणाचा ब्लाउज राहिलाय, असलं काहीबाही बोलत राहायचो. दोघांनाही माहीत होतं की ते कशासाठी. स्वतःचं स्वतः करायला त्याला शिकवलं ते वॉर्डातल्याच एका मुलाने, खुर्चीत बसलेल्या. नर्सबाई शिकवत होत्या तेव्हा ऐकत नव्हता. त्या मुलाने पडदा ओढला, आतून दोघांचं हसणं ऐकू आलं, आणि दोन दिवसांत चिरंजीव तरबेज. फुटपाथची पायरी चढायला खुर्ची मागच्या चाकांवर कशी तोलायची, हेही त्यानेच शिकवलं. बसल्या बसल्या नळी घालता यावी म्हणून लांब चेन शिवायची, ही अक्कलही त्याचीच.

घरी आल्यावर बाथरूमचं दार बत्तीस इंचांचं केलं होतं. हा आत गेला आणि कडी लावली. माझी आई घाबरली, दार वाजवायला लागली. आतून आवाज आला, "आजी, काय आहे? आत आहे ना मी!"

मी आईला बाजूला घेतलं. कोणी विचारलं की पोरगा बरा कधी झाला, तर मी ती कडी सांगेन. पण विचारतात चालतो का.

रविवार

आईने नवस बोलला होता. शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा नातू उभा दिसू दे. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची संस्था आहे, तिथून कॅलिपर करून आणले होते. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या, गुडघ्याला खटका. खटका लावला की पाय काठीसारखा ताठ होतो, मग वॉकर पुढे टाकायचा आणि खांद्यांच्या जोरावर अख्खं शरीर पुढे झोकायचं. पालखी आली. ढोल-ताशे, गुलाल, नाचवणारे घामाघूम. हाही घामाघूम, पण उभा होता. आईने दोघांनाही ओवाळलं, देवीला आणि नातवाला.

पालखी पुढच्या घरी गेली, याने खटके सोडले आणि खुर्चीत बसला. म्हणाला, "आजी, नवस फिटला ना? आता मला माझ्या चाकांवर राहू दे."

आईला लागलं ते. मलाही थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. पण त्याचं गणित साफ होतं. कॅलिपरवर अंगणाच्या टोकाला जाईपर्यंत दम निघतो आणि दोन्ही हात वॉकरला अडकतात, पाण्याचा तांब्यासुद्धा धरता येत नाही. तेवढ्याच वेळात खुर्चीवरून तो रस्त्यापर्यंत जातो, मांडीवर दुधाची पिशवी घेऊन परत येतो. आता रोज सकाळी अर्धा तास कॅलिपर लावून खिडकीशी उभा राहतो, हाडांसाठी आणि सांधे आखडू नयेत म्हणून. चालण्यासाठी नाही, हे त्याने ठरवलंय.

मोबाइलवर सगळे त्याला मुरलीकांत पेटकरांची गोष्ट पाठवतात. सांगलीकडचा आपला माणूस, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला, १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक, २०१८ ला पद्मश्री. मी वाचलं तेव्हा काटा आला अंगावर. चिरंजीव म्हणाले, "मोठा माणूस आहे. पण मला अकाउंट्स आवडतात हो!"

शुक्रवार

रॅम्पवरून गवंड्याशी वाद. आमच्या घराचं जोतं अडीच फुटांचं, कोकणातल्या पावसात तेवढं लागतंच. एक फूट चढायला बारा फूट लांबी, असा नियम आहे. म्हणजे तीस फूट. गवंडी म्हणाला, "ट्रक चढवायचाय काय? दहा फुटांत बसवतो." दहा फुटांत बसवला तर वर जाताना मागे कोणीतरी ढकलणारा लागेल आणि उतरताना तोंडावर पडेल. अंगण एवढं लांब नाही, म्हणून मध्ये सपाट जागा ठेवून वळवायचा ठरलं. आकृती पोरानेच काढली. वरती खडबडीत सिमेंट आणि आडव्या रेघा, नाहीतर श्रावणात शेवाळ धरतं.

दुसरी भानगड कॉलेजची. एक वर्ष गेलं, आता अकरावी कॉमर्स. वर्ग तळमजल्यावर द्यायला तयार आहेत, कॉम्प्युटरची खोली मात्र वर. तिथल्या एका सरांनी मोठ्या मनाने सांगितलं, "काळजी करू नका, चार मुलं खुर्ची उचलून नेतील." मला वाटलं, किती चांगली माणसं! घरी येऊन सांगितलं तर हा भडकला. "रोज? आणि मुलं आली नाहीत तर? मध्येच बाथरूमला जायचं असेल तर चौघांना हाका मारू?"

रात्री बसून त्याने प्राचार्यांना अर्ज लिहिला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा घातला, तळमजल्यावरच्या कोणत्या खोलीत किती प्लग आहेत तेही घातलं. मित्राला पाठवून मोजून घेतलं होतं. कॉम्प्युटर खाली आणता येतील, मला वर नेण्याची गरज नाही, असं शेवटी लिहिलंय. मी वाक्य जरा मऊ कर म्हटलं, केलं नाही. पालकाची सही मी केली.

सोमवारी अर्ज द्यायला तो एकटा जाणार आहे, ओळखीच्या रिक्षातून. नवी पँट तोवर व्हायला हवी. काज राहिलंय.