थारला चुना लावला तो दिवस

मे महिना सरत आला की आजरा, चंदगडकडच्या काजूवाल्यांच्या गाड्या माझ्याकडं एकदमच येतात. बागेतला शेवटचा माल पावसाआधी खाली आणायचा असतो आणि वळवाच्या दोन सरी पडल्या की तांबड्या मातीच्या वाटा हातभर खचतात. कुणाचा क्लच जळालेला, कुणाचा सायलेन्सर दगडावर आपटून चेपलेला. गडहिंग्लजला संकेश्वर-बांदा रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. त्या दिवशी शटर वर करतोय तोवर काजूबागवाल्या तात्यांची महिंद्राची थार जीप दारात उभी.

थार २०१६ ची, म्हणजे जुन्या बांध्याची. स्प्रिंग म्हणून पुढं टॉर्शन बार, मागं पोलादी पट्ट्यांची जुडी, म्हणजे पाटे. लांबून बघितली तरी कळत होतं, नाक वर आणि शेपूट खाली. तात्यांचा मुलगा पुण्याला नोकरी करतो, सुट्टीला आला होता. त्यानं मागचं दार उघडून एक खोकं काढलं. आत तीन इंच जाडीचे लोखंडी ठोकळे, पाटा ॲक्सलला आवळणारे लांब यू-बोल्ट आणि पाट्याचं टोक चेसीला जोडणारी लांब शॅकल. ऑनलाइन मागवलेलं लिफ्ट किट.

"दादा, मागून तीन इंच उचलायची. पुढची करून घेतलीय एका ठिकाणी."

"कशासाठी उचलायची?"

"बागेच्या वाटेवर अडकते. खालून घासते."

तात्या तोंडातलं पान सांभाळत म्हणाले, "मेस्त्री, मला उंचीबिंची कळत न्हाई. पोती खाली आली पायजेत. गेल्या वर्षी ह्याच वाटनं येत हुती, औंदा येत न्हाई. काय ते बघा."

गिऱ्हाइकाच्या बोलण्यातलं असं एखादं वाक्य मी पकडून ठेवतो. गेल्या वर्षी येत होती. मग यंदा बदललं काय? वाट, वजन की गाडी?

पहिल्यांदा पुढची बाजू बघितली. टॉर्शन बार म्हणजे चेसीला समांतर बसवलेली पोलादी कांब. तिला पीळ बसतो तेव्हा ती स्प्रिंगचं काम करते. तिच्या टोकाचा बोल्ट आवळला की गाडीचं नाक वर येतं, पाना सोडून काही लागत नाही. म्हणूनच हा उद्योग सगळीकडं चालतो. पण बोल्ट आवळून चाकाची हालचाल वाढत नाही, फक्त तिची वाटणी बदलते. चाकाला वर जायला जागा जास्त मिळते आणि तेवढीच खाली लोंबायची जागा कमी होते.

जॅक चेसीखाली लावून चाक हवेत सोडलं. टेप धरली. चाक फक्त १५ मिलिमीटर खाली आलं आणि वरच्या आर्मचा रबर ठोकर खाऊन थांबलं. पोराला हात लावून बघायला सांगितलं.

"गतिरोधकावरून उतरताना पुढून ठक् असा आवाज येतो का?"

"येतो."

"आणि ओढ्यातून वर चढताना पुढचं एक चाक हवेत राहून नुसतंच फिरतं?"

तो बापाकडं बघायला लागला. "तुम्हाला कसं कळलं?"

कळायचं काय त्यात? खड्डा आला की चाकानं खाली जाऊन जमीन धरायला हवी. इथं ते खालीच जात नाही. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर. या गाडीत आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल मागं आहे, पुढचं साधं आहे. पुढचं एक चाक सुटलं की त्या ॲक्सलची सगळी ताकद त्याच चाकाकडं वाया जाते. उंच केलेली गाडी उंच केल्यामुळंच अडकत होती. शिवाय चाक फिरवणाऱ्या शाफ्टला कोन जास्त पडल्यानं डाव्या बाजूचा बूट, म्हणजे सांध्यातलं ग्रीस धरणारं रबरी टोपण, फाटला होता आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचा फवारा बसला होता. अलाइनमेंट कुणी केलीच नव्हती, टायरची एक कड खाल्लेली.

तरी मागची बाजू राहिलीच. मागं खरंच काय घासतं हे गॅरेजमध्ये बसून सांगता येत नाही. लोक सांगतात "खालून घासते", पण खालून म्हणजे कुठून, हे बहुतेकांनी वाकून बघितलेलं नसतं. पोऱ्याला हाक मारून बादलीभर चुना कालवायला लावला आणि ब्रश घेऊन मी गाडीखाली शिरलो. मागच्या ॲक्सलचा गोळा (डिफरन्शियलची पेटी), पाट्यांखालच्या यू-बोल्टच्या प्लेटा, शॉकॲब्सॉर्बरची खालची टोकं, सायलेन्सरचा पाइप, गिअरबॉक्सखालचा चेसीचा आडवा बार, मागचा बंपर आणि हूक, सगळं पांढरं केलं.

तात्या म्हणाले, "पैसे घिऊन चुना लावणारे लई बघितले. खरोखरचा लावणारा पयलाच."

वाळल्यावर तिघं निघालो. बाग आजऱ्याच्या पुढं, डांबरी संपल्यावर चढाची वाट. जांभ्याची जमीन, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या. मधला वरंबा सुकून विटेसारखा टणक झालेला. रिकामी गाडी मी चालवली. दोन ठिकाणी खालून करकर आवाज झाला. वर पोचल्यावर खांद्याचा पंचा अंथरून तिघंही आडवे झालो.

चुन्यानं सगळं सांगितलं. गोळ्याचा तळ चकचकीत, पांढरा ठिपका उरला नव्हता. यू-बोल्टच्या प्लेटांच्या कडा खरवडलेल्या. चेसीचा आडवा बार मात्र जसाच्या तसा पांढरा, बंपरही. म्हणजे रिकाम्या गाडीची चेसी या वाटेवर कुठंच टेकत नव्हती.

"आता सांग," मी पोराला म्हणालो, "तुझे ठोकळे कुठं बसणार?"

"पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये."

"मग वर काय जाणार?"

तो जरा थांबला. "गाडी. ॲक्सल तिथंच राहणार."

बरोबर. सस्पेन्शन कितीही उचला, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर धरणाऱ्या अखंड ॲक्सलचा गोळा सुतभरही वर येत नाही. तो चाकाच्या मध्याला बांधलेला आहे. त्याला वर न्यायचं तर टायर मोठा लागतो, आणि टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. या गाडीला २३५/७० आर १६ टायर येतो, व्यास साधारण ७३५ मिलिमीटर. २४५/७५ घातला तर ७७४ च्या आसपास. फरक ३९, उंची मिळणार १९ किंवा २०. त्यासाठी गिअरिंग पाच टक्के लांबतं, म्हणजे ओढ तेवढी कमी होते, स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टनं पळते, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठं घासतो का ते निराळं बघायचं. वीस मिलिमीटरसाठी एवढं करण्यापेक्षा चाक चाकोरीत न घालता एक चाक वरंब्यावर आणि एक कडेला ठेवून गाडी चालवली तर गोळ्याला वीतभर जागा मिळते. येताना तसंच चालवून दाखवलं, आवाज आला नाही.

पण तात्यांचं रडगाणं रिकाम्या गाडीचं नव्हतंच. पोती भरल्यावर काय होतं ते बघायचं होतं. बागेतल्या शेडमधून काजूबियांची पाच पोती मागं टाकली. एक पोतं ऐंशी किलोचं, म्हणजे चारशे किलो. भरण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत टेप धरून माप घेतलं, भरल्यावर परत घेतलं. मागची बाजू ७० मिलिमीटर बसली होती. ॲक्सल आणि वरच्या रबराच्या ठोकळ्यात दोन बोटं अंतर उरलेलं. पाटे कमानीसारखे वाकलेले असायला हवेत, ते सरळ रुळासारखे पडलेले आणि मधला एक पाटा तुटलेला.

ओढ्यात उतरलो आणि पलीकडं चढायला लागलो तसा मागचा हूक दगडावर बसला. या थारचं पुढचं टोक तरी बरं, ४४ अंशांपर्यंतचा चढ बंपरला लागत नाही. मागं मात्र २७ अंशच मिळतात, आणि मागची बाजू बसली की तेही कमी होतात. नाक वर केलेलं असल्यानं शेपूट आणखीच खाली. बंपरवरचा चुना गेला, हुकावरचाही. अडकायची जागा ही होती.

तिथंच ओढ्याच्या काठाला जांभळीखाली बसून ठरवाठरवी झाली. पोराचं म्हणणं, मग ठोकळे टाकूच, मागची बाजू तर खाली आहेच. त्याला खोक्यातल्या वस्तू एकेक करून दाखवल्या. ठोकळ्यानं बसलेला पाटा उभा राहत नाही, बसलेलाच पाटा तीन इंच उंचावर जातो. ओझं टाकल्यावर तो तेवढाच बसणार आणि ठोकळ्यामुळं ॲक्सलला पिळायला लांब दांडा मिळणार. चढावर पहिल्या गिअरमध्ये ताकद दिली की पाटा नागमोडी होतो आणि धक्के देतो. ताकद मागच्या गोळ्यात नेणारा थारचा प्रोपेलर शाफ्ट आखूड. तीन इंचांत त्याच्या क्रॉसला, म्हणजे टोकाच्या सांध्याला, पडणारा कोन वाढतो, मग गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर खलास. पिनियनचं, म्हणजे शाफ्ट जिथं गोळ्याला जोडतो त्या गिअरचं, तोंड सावरायला पाचर लागते, ती किटात नाही. लांब शॉक नाहीत, म्हणजे चाक लोंबलं की पाट्याच्या आधी शॉकच ताणून थांबणार. ब्रेकचा लांब होज, म्हणजे रबरी नळी, नाही. शॅकलचं म्हणाल तर ती दोन इंच लांब घातली तरी ॲक्सलपाशी एकच इंच मिळतो.

कायद्याचंही सांगितलं, कारण ते सांगणं माझं काम आहे. आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हरकत घेतं. २०१९ च्या दुरुस्तीपासून मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमावाले पहिल्यांदा हेच काढतात. पाच हजारांनी पोरं घाबरत नाहीत, विम्यानं बाप घाबरतात. तात्या पान थुंकून म्हणाले, "ते खोकं परत पाठव."

मी एकच गोष्ट विचारली: गाडीत वर्षभर ओझं किती असतं? स्प्रिंग निवडताना उंचीच्या आधी हे विचारावं लागतं. लडाखला जायचं म्हणून पोलादी बंपर, विंच, टपावर तंबू असं कायमचं वजन बांधणाऱ्याला कडक स्प्रिंग द्यावी, ती त्या वजनानं बरोबर उंचीला बसते. तीच स्प्रिंग रिकाम्या गाडीला दिली तर माकडासारखी उड्या मारते आणि पकड घालवते. तात्यांचं गणित वेगळं. मार्च ते मे पोती, बाकीचे महिने नातवंडं आणि आठवडी बाजार. अशा गाडीला मूळ कडकपणाचे नवे पाटे आणि खाली एक हेल्पर पाटा बरा. रिकामी असताना हेल्पर सुटा राहतो, ओझं पडलं की टेकून भार घेतो.

जुनेच पाटे ठोकून कमान द्यायचा मार्ग स्वस्त आहे. आमच्याकडं तसं करणारेही आहेत. पण थंड पाट्याला हातोड्यानं दिलेली कमान फार टिकत नाही. तापवून, तेलात विझवून, परत टेम्पर केलं तरच ती धरते, आणि तुटका पाटा असलेल्या जुडीवर तो खर्च करावासा मला वाटत नाही. जुडी मी कोल्हापूरला उद्यमनगरातून करून आणली. बुश नवे, यू-बोल्ट नवे. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत आवळणारे मेस्त्री आहेत, मी त्यातला नाही. शॉक घ्यायच्या आधी चाक पूर्ण लोंबवून आणि पूर्ण दाबून दोन्ही मापं घेतली.

पोराच्या जिवावर आलं ते पुढचं काम. टॉर्शन बारचे बोल्ट मी उलटे फिरवले. नाक ३० मिलिमीटर खाली आलं आणि चाकाला लोंबायला साडेचार सेंटिमीटर जागा झाली. बूट बदलला, अलाइनमेंट केली, हेडलाइटचा झोतही परत लावला. आधी तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात होता.

"दादा, उचलायला आणलेली गाडी तुम्ही खाली केली," तो म्हणाला. त्याचं तोंड बघून मलाही वाईट वाटलं. त्याच्या समाधानासाठी टायर मात्र चांगले घालायला लावले. माप कंपनीचंच, २३५/७०, पण नक्षी ऑल-टेरेनची आणि बाजू जाड. जांभ्याच्या दगडावर टायर तळाला नाही, बाजूला फाटतो. हवा कमी करून चालवायलाही त्याला शिकवलं, आणि डांबरी लागली की परत भरायची आठवण दोनदा दिली.

हे जुन्या थारचं झालं. २०२० नंतरच्या थारला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत, तिथं हिशेब वेगळा. मारुतीच्या जिम्नीला पुढंमागं अखंड ॲक्सल, ती उचलली की ॲक्सल चेसीशी बांधणाऱ्या आडव्या रॉडमुळं ॲक्सल एका बाजूला सरकतो आणि कॅस्टर, म्हणजे स्टेअरिंगच्या आसाचा मागचा झुकाव, कमी होऊन स्टेअरिंग भरकटतं. बादलीभर चुना आणि टेप मात्र मी त्यांनाही लावतो.

पाच पोती घालून परत त्याच ओढ्यातून गाडी काढली. पुढचं चाक खाली उतरून दगडाला धरून राहिलं. हूक टेकला, पण घासून निघून गेला, गाडी थांबली नाही. तात्यांना तेवढं पुरे होतं. जिथं वरंबा फारच वर आला होता तिथं त्यांनी पुढच्या आठवड्यात चिऱ्याच्या खाणीतला चुरा दोन ट्रॉल्या आणून चाकोऱ्यांत भरला. ट्रॅक्टर घरचा, डिझेलचा काय तो खर्च. ठोकळे परत गेले, पैसे आले की नाही ते पोरानं सांगितलं नाही. आता त्याला स्नॉर्केल हवाय, पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा देणारी नळी. मी विचारलं, ओढ्यात पाणी कुठपर्यंत येतं ते काठी घालून मोजलंस का.