किसेगावाची छावणी

रविवार, 10 एप्रिल 2016, तोक्यो

जपानी चित्रकार यासुदा युकिहिकोंचं प्रदर्शन बघून आले. निशी-कासाईहून तोझाई लाईनने थेट ताकेबाशी, तिथून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय अगदी जवळ. शंभराहून जास्त चित्रं मांडली आहेत, पण मी 'किसेगावाची छावणी'पुढेच खिळले.

सहा-सहा पानांचे दोन घडीचे पडदे, प्रत्येक जवळजवळ पावणेचार मीटर रुंद. साल 1180. सत्तेतल्या ताइरा घराण्याविरुद्ध उठलेल्या मिनामोतो घराण्यातल्या योरितोमोला त्याचा सावत्र भाऊ योशित्सुने येऊन मिळतो. उजवीकडे थोरला, स्वस्थ बसलेला, मागे त्याचं चिलखत आणि शस्त्रं. डावीकडे धाकटा, थेट उत्तरेकडच्या ओशू प्रांतातून आलेला, चिलखत अजून अंगातच. आणि मध्ये काहीच नाही. सैन्य नाही, किसेगावा नदी नाही, नुसता कोरा कागद.

जवळ जाऊन रेघ पाहिली. बारीक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. हात कुठे दबलेला नाही की कचरलेला नाही. खनिजांची पूड सरसात कालवून लावलेले हे रंग छापील पुस्तकात निम्मेसुद्धा कळत नाहीत.

भाऊ भेटल्याचा हा क्षण खरं तर आनंदाचा. पण पुढचं इथे सगळ्यांना ठाऊक असतं. हाच धाकटा 1185 मध्ये ताइरांविरुद्धची दान-नो-उराची लढाई जिंकून देतो आणि 1189 मध्ये थोरल्याच्याच धाकापायी त्याला जीव द्यावा लागतो. यासुदांनी त्यातलं काही सुचवलेलं नाही. मोकळी जागा तेवढी ठेवली आहे, आणि ती बघता बघता वाढत जाते. इतिहासाचं चित्र काढताना एवढा संयम मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

डावा पडदा 1940 चा, उजवा 1941 चा. म्हणजे थोरला येईपर्यंत योशित्सुने एकटाच बसून होता! हे कळल्यापासून ते चित्र डोक्यातून जात नाही.

काळ युद्धाचा होता. 1944 मध्ये यासुदांनी आरमारप्रमुख यामामोतोंचंही चित्र काढलं. यासुदांचं मोठेपण सांगताना हे झाकून ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. 1949 च्या जानेवारीत नाराजवळच्या होर्यूजी या बौद्ध मंदिराच्या मुख्य मंडपातली भित्तिचित्रं आगीत होरपळली. 1967 मध्ये ती नव्याने उतरवायचं काम निघालं तेव्हा ऐंशी ओलांडलेले यासुदा त्याच्या प्रमुखांपैकी एक होते. त्या भिंतीवरचा बोधिसत्त्व पाहिला की अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवतोच. तीच कललेली मान, तेच अर्धे मिटलेले डोळे. आपल्या वाघूर नदीच्या काठापासून नारापर्यंत ही रेघ कुणाकुणाच्या हातांतून गेली असेल!

आज प्राचीन राणीचं 'हिमिको' आणि 'आसुकाच्या वसंतातली राजकन्या नुकाता' या दोन चित्रांपुढे धड उभं राहणंही झालं नाही. पहिलं 1968 चं, दुसरं 1964 चं, म्हणजे दोन्ही ऐंशीच्या घरात काढलेली. प्रदर्शन 15 मेपर्यंत आहे. पुढच्या वेळी आधी तिकडेच जायचं.