एफ ४ वर चालते, एफ ८ वर अडते

कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘एरर ०१’ आला की आमच्याकडचा फोटोग्राफर आधी खोडरबर शोधतो. कारण कॅमेराच सांगतो, लेन्सशी संपर्क नीट होत नाही, कॉन्टॅक्ट (लेन्स आणि कॅमेरा जोडणाऱ्या धातूच्या टिकल्या) साफ करा. दारव्ह्याजवळच्या एका लग्नात माझ्या २४-१०५ मिमीच्या झूम लेन्सने हाच प्रकार केला. नवरदेव पारावर, डीजे जोरात, मे महिन्याचं ऊन, आणि माझा जोडीदार सांगून रायला, “भाऊ, घास ना रबर, जमते मंग.”

रबर मी लावत नाही. त्या टिकल्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, तो घासून जातो, आणि रबराचा भुगा माउंटमधून, म्हणजे लेन्स बसवायच्या कड्यातून, आत शिरतो तो वेगळाच. सुती कपड्याने कोरडं पुसलं. एरर तसाच.

गंमत अशी, की फोकस होत होता, झूम फिरत होता, व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं झकास. बटण पूर्ण दाबलं की गाडी अडायची. अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं तोंड, एफ ८ वरून एफ ४ वर आणलं (आकडा लहान, तोंड मोठं), तर फोटो निघाला. परत एफ ८, परत एरर.

अर्धं निदान तिथंच झालं. अपर्चरची पाती एरवी उघडीच असतात. चौकट बघताना, फोकस करताना लेन्स पूर्ण उघडी. शटर दाबल्यावर ती तेवढ्यापुरती मिटतात. एफ ४ हे या लेन्सचं सगळ्यात मोठं तोंड, तिथं पात्यांना हलायचं कामच नाही. कॉन्टॅक्ट बिघडले असते तर बहुतेक फोकसही बोंबलला असता.

लग्न मग एफ ४ वरच काढलं, पण हे बोलायलाच सोपं आहे. तोंड पूर्ण उघडं असलं की भर उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ला शटर १/१६०० सेकंदाच्या आसपास जातं, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या बॉडीत साधा फ्लॅश १/२०० च्या पुढं साथ देत नाही. हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालवायची सोय) लावला तर फ्लॅशचा जोरच जातो. म्हणून फ्लॅश बंद, आणि नवरदेव झाडाच्या सावलीत. त्याचा मामा तापला, “काहून सरकवून रायले बाप्पा, मुहूर्त चालला!” घरच्यांच्या ग्रुप फोटोत मागची रांग धूसर यायची भीती होती. झूम २४ वर घेतला, चांगला मागं सरकलो, फोकस मधल्या रांगेवर धरला. चेहरे लहान आले, पण मागच्या आजीबाईसुद्धा ओळखू येतात.

घरी ५० ची साधी लेन्स लावून एफ ८ वर दाबलं. चालली, म्हणजे बॉडी निर्दोष. मग २४-१०५ परत लावून एफ ८ वरच झूम बदलत गेलो. २४ ला एरर, ७० च्या पुढं फोटो निघतो! पाती तेलकट होऊन चिकटली असती तर झूमप्रमाणे दुखणं बदललं नसतं. अपर्चरला वीज नेणारी पातळ पट्टी असते, फ्लेक्स म्हणतात. झूम फिरला की ती वाकते, आणि लग्नात झूम दिवसभर फिरतो. बैलाच्या कासऱ्यासारखी ती एकाच जागी झिजते.

नागपूरला सीताबर्डीत पहिल्या दुकानदाराने लेन्स न लावताच सांगितलं, “बॉडीचा बोर्ड गेला, ठेवून जा.” मी निघालो. दुसऱ्याला एररचा नंबर सांगितलाच नाही. एफ ४ ला चालते, एफ ८ ला २४ वर अडते, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, “फ्लेक्स.” पट्टी स्वस्त, मजुरी महाग, आणि ती मला रास्त वाटते, कारण काचा उतरवून परत एका रेषेत बसवायच्या असतात.

म्हणूनच लेन्स परत घेताना दुकानातच भिंतीला पेपरचं पान चिकटवा, समोर सरळ उभं राहून एफ ४ वर फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. एकच बाजू धूसर दिसली तर काच तिरकी बसली आहे. तिथंच परत द्या. गावी पोचल्यावर एवढ्यासाठी पुन्हा नागपूर कोण करते!