इलेक्ट्रिक ब्रेकवाला जुना ट्रेलर, आणि "ताई, करंट तर येतोय!"

नाशिकमध्ये ट्रेलर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पिंपळगावच्या मार्केटबाहेर रांगेत उभी असलेली कांद्याची ट्रॉलीच येते, आणि तिला ब्रेक असतात का हे कुणी विचारतही नाही. त्यामुळे आमच्या सेकंडहँड कॅम्पर ट्रेलरला "इलेक्ट्रिक ब्रेक आहेत" असं सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग खाली वाकून बघतो. बॉडी इथेच बनवलेली आहे पण एक्सल अमेरिकन पद्धतीचा, दोन चाकं, दोन्हीला १० इंची ड्रम आणि आत मॅग्नेट. आधीच्या मालकाने हौसेने करून घेतलेला आणि नंतर बहुतेक दोन पावसाळे अंगणात तसाच उभा ठेवलेला.

तर झालं असं की ट्रेलर ओढताना त्र्यंबक रोडला उतार लागला की जाणवायचं, मागचं वजन गाडीला ढकलतंय. ब्रेक लागतात, पण उगाच लागल्यासारखे, आणि जोरात दाबला तर ट्रेलर किंचित एका बाजूला ओढतो. नवऱ्याचं म्हणणं की वजन जास्त भरलंय. माझं म्हणणं की वजनाने ट्रेलर तिरका नाही ओढणार.

एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेला. माणूस कामाला चांगला, पण हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितलेलं. त्याने प्लग खोलला, मीटर लावला, गाडीत आतून ब्रेक कंट्रोलरचं (ट्रेलरच्या ब्रेकना करंट सोडणारा डबा) बटण दाबायला लावलं आणि म्हणाला, "ताई, करंट तर येतोय, बारा दाखवतोय. म्हणजे मॅग्नेट गेले. बाहेरून मागवावे लागतील." मी म्हटलं, दादा, थांबा जरा. मी अंबडला पॅनल बोर्डच्या टेस्टिंगमध्ये काम करते, आणि आमच्याकडे नवीन आलेल्या पोरांना पहिलं हेच सांगावं लागतं की मीटरने बारा दाखवले म्हणजे तार चांगली असं होत नाही. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे तारेचा एकच धागा शिल्लक असला किंवा स्क्रूखाली सगळा गंज असला तरी तो बिनधास्त पूर्ण बारा दाखवतो. लोड टाकला की खरं कळतं.

इथे थोडं हे ब्रेक चालतात कसे ते सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. ड्रमच्या आत एका लिव्हरच्या टोकाला इलेक्ट्रोमॅग्नेट असतो. करंट आला की तो ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटतो, ड्रम फिरत असतो म्हणून तो त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो, लिव्हर फिरते आणि लिव्हर शूज बाहेर ढकलते. म्हणजे चाक मॅग्नेट थांबवत नाही, शूजवरचा घासणारा थर, म्हणजे लायनरच थांबवतो. म्हणून ट्रेलर उभा असताना बटण दाबून फक्त गुंईं असा आवाज येतो, ब्रेक लागतो की नाही ते नाही कळत, त्यासाठी चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायला लागतं. आणि आवाज येतो म्हणजे पुरेसा करंट पोहोचतोय असंही नाही हं.

आता आकडे. १० इंची ब्रेकच्या मॅग्नेटचा रेझिस्टन्स साधारण ३.२ ओहम असतो, १२ व्होल्टला एक मॅग्नेट पावणेचार अँपिअरच्या आसपास घेतो. दोन मॅग्नेट पॅरलल, म्हणजे प्लगवर १.६ ओहम मिळायला पाहिजे आणि साडेसात अँपिअर. चार चाकांचा ट्रेलर असेल तर ०.८ ओहम आणि पंधरा अँपिअर. हे एवढं माहीत असलं की अर्धं काम उभ्या उभ्या होतं, काहीही न खोलता. गाडीचा प्लग काढायचा आणि ट्रेलरच्या बाजूला ब्रेकची पिन आणि अर्थची पिन यांच्यात ओहम मोजायचे. फक्त आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघा, स्वस्तातल्या मीटरच्या वायरींचाच थोडा रेझिस्टन्स असतो, तो वजा करायचा, कारण इथे सगळा हिशोब पॉइंटमध्ये आहे.

आमच्याकडे आलं चारच्या वर. आणि वायर हलवली की आकडा नाचतोय. चार ओहम म्हणजे करंट तीन अँपिअर पण नाही, साडेसातच्या जागी. मॅग्नेट शॉर्ट झाला असता तर आकडा कमी आला असता, इथे जास्त आलाय, म्हणजे एक मॅग्नेट सर्किटमध्येच नाहीये आणि वर कुठेतरी लूज कनेक्शन आहे. तिरका ओढण्याचं कारणही तेच, एकाच बाजूचा ब्रेक लागत होता.

मग चाकांना दगड लावले, स्टँडवर घेतला (नुसत्या जॅकवर कधीच खाली जाऊ नका, प्लीज) आणि प्रत्येक चाकामागे मॅग्नेटच्या दोन वायरी सुट्या करून थेट मोजल्या. दोन्ही बाजूला तीनच्या थोडं वर. दोन्ही मॅग्नेट चांगले! इलेक्ट्रिशियन दादा बघतच राहिला. त्याचं पण कौतुक करते, कारण त्याने मग स्वतःहून हेडलाइटचा हॅलोजन बल्ब आणला, वायर जोडलेला, आणि मॅग्नेटच्या जागी लावला. ५५ वॅटचा फिलामेंट म्हणजे साडेचार अँपिअर, जवळपास मॅग्नेटएवढाच लोड. उजवीकडे बल्ब पिवळट पेटला, डावीकडे पेटलाच नाही. माझ्या मीटरपेक्षा त्याची टेस्ट भारी. तुमच्याकडे मीटर नसेल तर हेच करा, बुलेटच्या टपरीवर पण असा बल्ब मिळेल.

डावीकडची वायर कुठे तुटली हे शोधायला मात्र वेळ गेला. अशा एक्सलमध्ये बऱ्याचदा एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारी वायर एक्सलच्या पाइपच्या आतून ओढलेली असते, ती रस्त्यावर हादऱ्यांनी आतल्या आत घासत राहते आणि बाहेरून काही दिसत नाही. आमची तशीच निघाली, ओढल्यावर हिरवीगार तांब्याची शेपटी हातात आली. कधीकधी तुटायच्या ऐवजी बॉडीला लागते, मग कंट्रोलर शॉर्ट दाखवतो किंवा फ्यूज उडतो. नवीन वायर आतून घातलीच नाही, एक्सलच्या मागच्या बाजूने फ्लेक्झिबल पाइपमध्ये टाकून टायने बांधली. जाड घ्या, लाइटची बारीक वायर इथे चालत नाही.

दुसरा दोष अर्थचा. चेसिसला स्क्रूने अर्थ मारलेला, आणि त्यावर कुणीतरी ट्रेलर रंगवताना सरळ रंग मारलेला, खाली गंज. तो पॉलिश पेपरने उजळ केला, नवीन लग (वायरच्या टोकाचं कडं) लावला, शिवाय प्लगपासून दोन्ही मॅग्नेटपर्यंत अर्थची वेगळी वायर नेली. चेसिसच्या भरवशावर राहायचं नाही आणि हिचच्या, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकवायच्या गोळ्याच्या भरवशावर तर अजिबात नाही. मॅग्नेटच्या वायरींना प्लस मायनस नसतं, कुठलीही कुठे लावा.

प्लगबद्दल एक. अमेरिकन पद्धतीच्या वायरिंगमध्ये निळी वायर ब्रेकची असते. पण युरोपियन सात पिनच्या प्लगमध्ये निळी ही मागच्या फॉग लाइटची असते, त्या ट्रेलरना इलेक्ट्रिक ब्रेक नसतातच सहसा, ते ढकलले गेले की आपोआप लागणारे ब्रेक असतात. म्हणून नुसता रंग बघून जोडणाऱ्यापासून सावध, पिन पिन मोजा.

मोजताना कंट्रोलरचा हाताने दाबायचा स्विच पूर्ण दाबून धरा. कमी दाबल्यावर तो करंट तुकड्या तुकड्याने सोडतो आणि साधा मीटर काहीही दाखवतो. आणि क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा आहे ना ते बघा, कंपनीत आमच्या मुलांकडे असतात ते बरेच फक्त एसीचे. मीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमधून दोन मॅग्नेटपुरतं चालून जातं, चार मॅग्नेटला लावलात तर फ्यूज गेलाच.

सगळं जोडल्यावर करंट सात अँपिअरच्या वर आला. पण ब्रेक अजून मऊच, म्हणून ड्रम काढले. शूज आणि ड्रममध्ये गॅप भरपूर, यांचं ॲडजस्टमेंट हाताने करायचं असतं. मागच्या प्लेटला खाली खाच असते, तिथून स्क्रू ड्रायव्हरने स्टार व्हील (गॅप कमीजास्त करायचं दातेरी चाक) फिरवायचं, चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत, मग मागे घ्यायचं, चाक मोकळं फिरलं पाहिजे पण लायनर हलकासा घासल्याचा आवाज आला पाहिजे. मग मोकळ्या रस्त्यावर ६०-६५ वरून ३० पर्यंत, असे वीस-तीस वेळा ब्रेक मारून लायनर बसवायचे, मधे गार होऊ द्यायचे. आम्ही सकाळी लवकर गिरणारे रोडला गेलो, द्राक्षांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत. कंट्रोलरचं सेटिंग पण तिथेच, सपाट कोरड्या रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला स्विच पूर्ण दाबला तर चाकं लॉक व्हायच्या जरा अलीकडे थांबलं पाहिजे.

ब्रेकअवेची पिन सुद्धा ओढून बघितली, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याची स्वतःची बॅटरी ब्रेक मारते ती सिस्टीम. काहीच झालं नाही, बॅटरी मेलेली. नवीन टाकली. पिन ओढून बघायची तर गाडीचा प्लग आधी काढा, नाहीतर करंट उलटा कंट्रोलरमध्ये जायची भीती असते. आणि पिन ओढून पार्किंग ब्रेकसारखं ठेवू नका, बॅटरी पण जाते आणि मॅग्नेट पण तापतात.

डाव्या ड्रममध्ये ग्रीस दिसलं, आधीच्या कुणीतरी ग्रीस गन मारतच राहिल्यासारखं, सील ओलांडून आत आलेलं. लायनरला अजून लागलेलं नाही, लागलं असतं तर शूज बदलावेच लागले असते, धुवून भागत नाही. सीलचं आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी व्हर्नियरने घेऊन ठेवलीये, बेअरिंगच्या दुकानात मापावर मिळतं, अमेरिकन नंबर विचारत बसायची गरज नाही. नवीन सील बसेपर्यंत कसारा घाट नाही.