आधी रात्री मोजल्या, मग शहरं

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही युरोपला जाणार म्हटल्यावर सोसायटीत पहिला प्रश्न आला तो "किती देश?" हाच. तीन. आणि मुक्काम चारच गावी: पॅरिस, लुझर्न, व्हेनिस, रोम. "एवढ्या पैशांत टूरवाले सात देश दाखवतात की!" हेही लगेच ऐकून झालं. दाखवतात, खरंय. पण त्यासाठी रोज भल्या पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी बेजार सासूबाई होत्या आणि म्युझियमचं नाव काढलं की भूक लागणारा सहावीतला चिरंजीव होता. याआधी कुणाचाच परदेश प्रवास झालेला नव्हता. तेव्हा सगळं आपणच ठरवायचं आणि सगळ्यांना झेपेल असंच ठरवायचं, एवढं नक्की होतं.

सुरुवातीला घरातल्या प्रत्येकाने आपापली यादी दिली. ॲमस्टरडॅम, ब्रसेल्स, इंटरलाकेन, मिलान, पिसा, फ्लॉरेन्स, सगळं त्यात होतं. ती यादी मी बाजूला ठेवली आणि आधी रात्री मोजल्या. नवऱ्याची रजा आणि विमानात जाणारा वेळ वजा केल्यावर तिकडे पंधरा रात्री उरत होत्या. मग एक नियम केला: गाव बदललं की तो दिवस गेला असं धरायचं. रेल्वेच्या वेळापत्रकात साडेचार तासांचा प्रवास दिसतो. पण आवरणं, हॉटेल सोडणं, स्टेशन गाठणं, पोचल्यावर खोली मिळेपर्यंत ताटकळणं हे सगळं धरलं की दिवस संपतो. सात गावं म्हणजे सहा दिवस नुसत्या बॅगा ओढण्यात. चार गावं म्हणजे तीन. इथेच निम्मी यादी आपोआप कापली गेली, भांडण न होता.

दुसरी कात्री नकाशाने लावली. विमान पॅरिसला उतरणारं आणि रोमहून निघणारं असं एकाच बुकिंगमध्ये मिळतं; जाऊन-येऊन पॅरिसच्या तिकिटापेक्षा ते थोडं महाग पडलं, पण परत पॅरिस गाठायचा दिवस आणि भाडं दोन्ही वाचले. ॲमस्टरडॅम उत्तरेला, म्हणजे उलट्या दिशेला, म्हणून ते गेलं. पॅरिसहून बाझेल, तिथून लुझर्न, मग आल्प्सखालून मिलान, व्हेनिस, रोम: रेघ सरळ खाली उतरते. फ्लॉरेन्सचा मुक्काम काढला, पण फ्लॉरेन्स ठेवलं. रोमहून वेगवान गाडीने ते दीड तासावर आहे, सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, सामान न हलवता.

रात्रींचा हा हिशोब व्हिसालाही लागतो. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा असतो. मुक्काम सारखाच असेल तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिथे. आमचं पॅरिस चार, लुझर्न चार आणि इटली सात, म्हणून अर्ज इटलीकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम असतं, त्यामुळे दिवाळीची भांडी घासून होताच कागदपत्रांना लागावं. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, परतल्यानंतरही तीन महिने चालेल असा पासपोर्ट, बँक स्टेटमेंट, रजेचं पत्र, शाळेचं पत्र. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मी. हॉटेलं फुकट रद्द करता येतील अशीच घेतली होती.

आता खरी गंमत, म्हणजे वारांची. ही जुळवाजुळव कुणी फारशी सांगत नाही आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिच्यातच गेला. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. फ्लॉरेन्सची उफिझी ही चित्रांची गॅलरी आणि मिकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा जिथे आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्यातला शेवटचा रविवार सोडून, आणि त्या दिवशी प्रवेश फुकट असल्यामुळे जी गर्दी लोटते ती आषाढीच्या पंढरपूरची आठवण करून देणारी. बुधवारी सकाळी पोप चौकात लोकांना भेटतात, त्यामुळे सेंट पीटर्सचं चर्च दुपारपर्यंत बंद असतं. स्वित्झर्लंडात रविवारी दुकानं बंद. स्टेशनातलं सुपरमार्केट तेवढं उघडं.

हे सगळं कागदावर मांडलं आणि विमान बुधवारी सकाळी पॅरिसला उतरणारं घेतलं. त्यावरून पुढची साखळी लागली. लूव्र शुक्रवारी, कारण त्या दिवशी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं. रविवारी लुझर्न, म्हणून पोचल्या पोचल्या स्टेशनातूनच दूध, ब्रेड, बटाटे घेऊन अपार्टमेंटवर. गुरुवारी व्हेनिस, शनिवारी रोम. रविवारी रोममध्ये नुसतं भटकणं: त्रेवी, पँथिऑन, नव्होना चौक. सोमवारी कलोसियम, मंगळवारी व्हॅटिकन, बुधवारी फ्लॉरेन्स, गुरुवारी परतीचं विमान. विमान एक दिवस पुढेमागे झालं असतं तर निम्मे दिवस नव्याने बसवावे लागले असते. म्हणून विमान ठरवायच्या आधी वार बघावेत. लोक उलटं करतात, स्वस्त तिकीट दिसलं की घेऊन टाकतात.

रोजच्या आखणीसाठी एक्सेलमध्ये तक्ता केला. तारीख, वार, रात्र कुठे, आणि मग सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने. तिन्हीपैकी दोनच भरायचे, असं घरात जाहीर करून टाकलं. तिसऱ्यात नवऱ्याने दोनदा गुपचूप काहीतरी घुसवलं, मी दोनदा पुसलं. बहुतेक दिवशी दुपार रिकामी ठेवली, त्यामागे कारण आहे. मेअखेरीला पॅरिसमध्ये सूर्य मावळतो साडेनऊच्याही नंतर. म्हणजे दोन वाजता खोलीवर येऊन दोन तास झोपलात, तरी सहा वाजता बाहेर पडल्यावर हातात लख्ख उजेडाचे साडेतीन तास असतात, आणि ऊनही उतरलेलं असतं. आई, म्हणजे सासूबाई, त्या दुपारच्या झोपेच्या जोरावरच रात्री दहाला आयफेल टॉवरचे दिवे लुकलुकताना बघायला ताज्यातवान्या उभ्या होत्या. नातू मात्र बाकावर पेंगत होता.

वेळेच्या फरकाचाही फायदा करून घेता येतो. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो. पहिले दोन-तीन दिवस पहाटे चारलाच टक्क जाग येते आणि संध्याकाळी डोळे मिटायला लागतात. म्हणून सुरुवातीच्या दिवसांना सकाळी नऊची तिकिटं घेतली आणि रात्रीचा कार्यक्रम पॅरिसमधल्या शेवटच्या दिवशी ठेवला.

निघायच्या दोन महिने आधी मी आईंना रोज संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर नेत होते. व्यायाम हे एक निमित्त. मला बघायचं होतं की त्या न थांबता किती चालतात. साधारण अर्धा तास, मग बसायला काहीतरी हवं. हेच माझं माप झालं. दोन ठिकाणांमध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त चाल असेल तर मधे बाक, कॅफे किंवा बस हवी. हॉटेल निवडताना 'लिफ्ट' हा पहिला निकष, नाश्ता नंतर. पॅरिसच्या मेट्रोत बऱ्याच स्टेशनांवर नुसत्या पायऱ्याच आहेत, त्यामुळे आम्ही बसनेच फिरलो, आणि बसमधून शहर दिसतं ते वेगळंच. व्हेनिसमध्ये तर प्रत्येक पूल म्हणजे चढ-उतार. तिथे वापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसच्या, थांब्यापासून एकही पूल न ओलांडता पोचता येईल अशी खोली शोधायला दोन संध्याकाळी गेल्या.

लूव्र आणि व्हॅटिकन दोन्हीकडे व्हीलचेअर फुकट मिळते, ओळखपत्र ठेवून. घरी हा विषय काढला तेव्हा आई फणकारल्या, "मला काय चालता येत नाही का?" मी तिथेच सोडून दिलं. लूव्रमध्ये दुसऱ्या दालनानंतर त्या स्वतःच म्हणाल्या, "ती तुझी खुर्ची कुठे मिळते म्हणालीस?" व्हॅटिकनमध्ये तर दारातूनच घेतली. सिस्टीन चॅपेल गाठेपर्यंत दालनांमागून दालनं आहेत, तिथे धडधाकट माणूसही दमतो.

आगाऊ काय पक्कं करायचं आणि काय मोकळं सोडायचं, याची विभागणी शहर बघून केली. इटलीत सगळं आधी. कलोसियमची तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात, नावानिशी असतात आणि दारात पासपोर्ट बघतात. मुलांचं तिकीट फुकट असलं तरी वेळ आरक्षित करावीच लागते. स्वित्झर्लंडात मात्र तारखा लिहिल्याच नाहीत. डोंगर ढगात असेल तर वर जाऊन धुकंच बघायचं. रोज सकाळी चहा घेता घेता रिगी आणि टिटलिस या डोंगरांवरचे थेट कॅमेरे फोनवर बघायचे आणि मग ठरवायचं. स्विस ट्रॅव्हल पासमुळे हे जमलं: रेल्वे, सरोवरातल्या बोटी आणि रिगीची गाडी त्यातच येते, टिटलिसला निम्मं भाडं, आणि सोळाच्या आतलं मूल आईबापांबरोबर फुकट. ज्येष्ठांना सवलत नाही, तेवढं गृहीत धरा.

रिगीला सगळे मिळून गेलो, कारण १८७१ सालापासून दातेरी रुळांवरून चालणारी ती गाडी माथ्यापर्यंत नेते, चढायला काही लागत नाही. टिटलिसचा बर्फ मात्र बापलेकांनी दोघांनीच बघितला. तीन हजार मीटरवर आईंना नेण्यात शहाणपणा नव्हता, आणि त्यांनाही हौस नव्हती. आम्ही सासूसुना दिवसभर बोटीने फिरलो, एका गावी उतरून दशम्या खाल्ल्या. चौघांनी प्रत्येक गोष्ट एकत्रच बघायला हवी असं नाही, हे तक्त्यातच लिहून टाकलं होतं, त्यामुळे ऐन वेळी कुणाचं तोंड वाकडं झालं नाही. लुझर्नला अपार्टमेंट घेण्यामागे आणखी एक हेतू होता: प्रवासाच्या मध्यावर वॉशिंग मशीन. त्यामुळे माणशी एकच मध्यम बॅग पुरली. (डब्यात काय न्यायचं ते जपून. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला मनाई आहे. तूप आणि पेढे घरीच राहिले.)

लुझर्न ते व्हेनिस हा सर्वांत लांबचा टप्पा, मिलानला गाडी बदलून. तिथे मुद्दाम दीड तासाचं अंतर ठेवलं. इटलीतल्या वेगवान गाडीचं तिकीट त्याच गाडीपुरतं असतं आणि सीमेपलीकडून येणारी गाडी लेट होऊ शकते. झालीही, वीसेक मिनिटं. तरी स्टेशनात बसून पिझ्झा खाऊन झाला. चिरंजीवांना त्या दिवसातलं आवडलं ते ५७ किलोमीटरचं गॉटहार्डचं भुयार, घड्याळ लावून मोजलं त्याने.

इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात; निघायच्या आठवड्यात ती यादी बघून घ्यावी.

आता ओळखीतले लोक हा तक्ता मागतात, आणि बहुतेकांची रजा दहा दिवसांचीच असते. त्यांना मी तक्ता देते, पण पॅरिस आणि लुझर्नच्या ओळी पुसून. दहा दिवसांत नुसती इटली करा: व्हेनिसला उतरा, तिथे दोन रात्री, फ्लॉरेन्सला तीन, उरलेल्या रोमला. फ्लॉरेन्सचा सोमवार टाळा.