अथकाट्ला लॉग: कँगॅक्सला अखेर लागलं!

मंडळी, 'बाल्डर्स गेट 2'मधल्या कँगॅक्सला, म्हणजे मरूनही जिवंत राहिलेल्या त्या जादूगाराला (लिचला), काल पहिल्यांदा लागलं! मेला नाही अजून. पण डायलॉग बॉक्समध्ये 'वेपन इनइफेक्टिव्ह'ऐवजी डॅमेजचा आकडा उमटला, आणि त्या आनंदात हा लॉग लिहायला बसलोय.

मागच्या वेळी कँगॅक्सचे सोन्याचे सगळे अवयव घेऊन अथकाट्ला शहराच्या डॉक्समधल्या (बंदर भागातल्या) त्याच्या घरात पोचलो होतो. त्याचं लिचचं पहिलं रूप फार जड गेलं नाही. त्याला पाचव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल्स लागत नाहीत, म्हणून माझ्या हिरोचे, म्हणजे सॉर्सररचे (जादूगाराचे), वरच्या लेव्हलचे स्पेल्स राखून ठेवले होते. खरी गोम आहे ती नंतर तरंगत येणाऱ्या कवटीत. ती कवटी म्हणजे डेमीलिच, आणि त्याला +4 जादूच्या खालचं हत्यार लागत नाही. वर तो इम्प्रिझनमेंट हा स्पेल टाकत सुटतो, ज्याला सेव्हिंग थ्रोच (फाशांवर वाचायची संधी) नाही. ज्याच्यावर पडला तो अंगावरच्या सामानासकट जमिनीखाली गडप. आपल्या हिरोवर पडला तर खेळ खलास.

डी'आर्निसच्या गढीत तिन्ही मुंडकी जोडून घेतलेला फ्लेल ऑफ एजेस (साखळीचं हत्यार) माझा जीव की प्राण, पण तो +3. अख्ख्या पार्टीत +4 हत्यार एकच, दुकानदार रिबाल्डकडून घेतलेली स्टाफ ऑफ रिन. काठी म्हटल्यावर ती माझ्या साथीदार जाहेराच्याच हातात. आणि कँगॅक्सने नेमकी जाहेरालाच गाडली, काठीसकट! उरलेले पाचजण कवटीभोवती उभे राहून हवेत शस्त्रं फिरवत होते. इतका संताप मला खलनायक इरेनिकसच्या अंधारकोठडीतही आला नव्हता.

सेव्ह केलेला खेळ पुन्हा लोड केला आणि काठी दुसरा साथीदार कोर्गनला दिली. त्याला त्यात प्रोफिशियन्सी (सराव) नाही, घाव लागण्याच्या शक्यतेला (टु-हिटला) थोडा फटका बसतो, पण तो बर्सर्कर आहे. त्याची रेज (संतापाची खास शक्ती) चालू असेपर्यंत इम्प्रिझनमेंट त्याच्यावर चालत नाही. कवटीने त्याच्यावर स्पेल टाकला, कोर्गन जागचा हलला नाही, आणि पुढच्याच राउंडला काठी बसली. खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या मी. मग कँगॅक्सने मोर्चा आणखी एक साथीदार जॅनकडे वळवला. जॅन गेला, पाठोपाठ मिन्स्क. सलगमच्या गोष्टी सांगणाऱ्या जॅनला तिथेच सोडून पुढे जायला मन होईना, म्हणून पुन्हा लोड.

प्रोटेक्शन फ्रॉम अनडेडची स्क्रोल वाचून हे काम चुटकीसरशी होतं, ठाऊक आहे. मला ते नको. समोरचा आपल्याकडे बघतही नसेल तर त्याला मारण्यात लढाई कसली?

2000 सालच्या या सीक्वेलचं मोठेपण मला इथेच दिसतं. 1998 च्या पहिल्या भागात लेव्हल सात-आठपर्यंत पोचलो की संपलं, जादूगाराला बाण मारून गप्प करता यायचं. इथे शत्रूकडेही कंटिंजन्सी, स्टोनस्किन, स्पेल टर्निंग असे बचावाचे स्पेल्स आहेत. एकेक कवच सोलून काढावं लागतं, आणि ते सोलण्यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कुठल्या आरपीजीत मिळालेली नाही. पण उणीवही त्याच जागी आहे. रेजने काय अडतं, कुठल्या स्पेलने काय थांबतं, याचा सुगावा खेळाच्या आत फारसा लागत नाही. उत्तर आधीपासून माहीत असेल तर लढाई सोपी, नसेल तर भिंत. शिवाय पहिल्या भागातली रानोमाळ भटकंती गेलीच. आणि आपली मैत्रीण इमोएन कैदेत असताना, तिच्यापर्यंत पोचायला मदत म्हणून गेलन बेल मागतो त्या 20,000 नाण्यांसाठी आपण निवांत शहरभर कामं करत फिरतो, ही चॅप्टर 2 मधली विसंगती मला आजही खटकते.

रिबाल्ड महाग आहे, पण अडचणीला तोच कामी येतो. ते 20,000 जमवायच्या नादात त्याच्या दुकानात हात आखडता घेऊ नका.

आज रात्री, गाडलेल्याला परत आणणारी फ्रीडमची स्क्रोल जवळ ठेवून पुन्हा सहाजणांनिशी आत जायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. सहाजण हवेतच कशाला? लिच पडेपर्यंत सगळे आत राहू देत, कवटी उठली की चौघांना दाराबाहेर काढायचं. आत फक्त कोर्गन आणि माझा सॉर्सरर. इम्प्रिझनमेंट अॅब्जुरेशन या जादूच्या शाखेचा, आणि एका शाखेच्या स्पेल्सपासून वाचवणारी स्पेल इम्युनिटी माझ्या यादीत आहेच! ती अॅब्जुरेशनवर लावली की कँगॅक्सला गाडायला आत कुणीच उरत नाही. रेज आणि इम्युनिटी, दोन्हींची मुदत संपायच्या आत काठीने त्याला पाडायचं, एवढाच प्रश्न. कोर्गनवर हल्ल्याचा वेग वाढवणारा इम्प्रूव्हड हेस्टही टाकतो.

कँगॅक्सकडची रिंग ऑफ गॅक्स मिळाली तर जाहेराला देणार. फिरक्राग ड्रॅगनचा नंबर त्यानंतर.